रानभाजी घ्या, रानचं मटण नको: चोपडेकरांसाठी हिशेब

पहिले दोन-तीन पाऊस बरे झाले की चोपड्याच्या बाजारात रानभाज्या दिसू लागतात. आधी तरोटा, मग कटुर्ली, फांग, कुरडू, बांबूचे कोंब. जुलै-ऑगस्टमध्ये भर. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा, बारेला, तडवी बाया माल आणतात, तेव्हा सकाळीच जा. दुपारी उरतं ते कोमेजलेलं.

तरोटा, कुरडूची जुडी साधारण दहा-वीस रुपयांना मिळते. कटुर्ल्यांचा भाव हंगामाच्या तोंडाला किलोमागे दोनशेच्या पुढे असतो, मग उतरतो. पंधरा दिवस थांबलात तर पैसे वाचतात. खरा खर्च मात्र निवडताना कळतो. तरोट्याचे कोवळे शेंडेच घ्यायचे, म्हणजे जून जुडी निम्मी वाया. कटुर्लं अंगठ्याने दाबून बघा: टणक, हिरवं असेल तर घ्या, मऊ, पिवळट असेल तर आत लाल, दाताखाली येणाऱ्या बिया निघतील. वाट्याने विकत असतील तर एक वाटा तोलून मागा. सगळी कटुर्ली एका मापाची, स्वच्छ दिसली तर ती बहुधा लागवडीची. खायला उत्तम, पण रानचा भाव देऊ नका. डोंगर उतरून आलेल्या बाईशी मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस नको, कारण तुम्हाला तिच्याकडून माहितीही घ्यायची आहे.

तिला तीन गोष्टी विचारा: मावशी, कुठून तोडली, कोणता भाग खायचा, कशी शिजवायची? फिनलंडमध्ये कोरवासिएनी नावाची विषारी अळंबी बाजारात राजरोस विकली जाते, पण भरपूर पाण्यात दोनदा उकळून पाणी फेकण्याची सूचना गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. आपल्याकडे कागद मिळत नाही. बाईचं तोंडी सांगणं हीच सूचना. तिला उत्तर देता आलं नाही तर भाजी तिथेच ठेवा.

बांबूचे कोंब पातळ चिरून भिजवा, उकळा, ते पाणी फेका. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे घटक असतात. सुरणासारख्या खाजऱ्या कंदांना चिंच किंवा आमसूल हवंच. अनोळखी कंद उपटून घरी आणू नका: कळलावीचा कंद खाण्याजोगा वाटतो आणि जीव घेतो. तरोट्याची पानं टोकाला गोलसर, बहुधा तीन जोड्यांत. कासुंद्याची टोकदार आणि जोड्या जास्त. कासुंद्याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. चंद्रज्योतीच्या बियांपासूनही मुलांना जपा.

अळंबीबद्दल माझं मत कडक आहे. वर्षानुवर्षं तीच अळंबी तोडणाऱ्या माणसाकडून मिळाली तरच खा, नाहीतर लागवडीची आणा. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसणाचा रंग बदलतो का, किडा खातो का, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत.

स्वतः तोडायची? बांधावर मालकाला विचारून तोडा. खर्च शून्य, पण शेवटची फवारणी कधी झाली ते आधी विचारा. केळी-कापसाच्या पट्ट्यात बांधावर तणनाशक मारलं जातं आणि धुतल्याने ते खात्रीने जात नाही. जंगलातली गोष्ट वेगळी. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क तिथल्या हक्कधारक गावकऱ्यांना आहे, शहरातून पिशवी घेऊन गेलेल्यांना नाही. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय काही तोडणं गुन्हाच. ओळख करून घ्यायची असेल तर 9 ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो. तारीख तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पाकीटबंद लोणचं, लाडू घेताना 14 अंकी अन्न परवाना क्रमांक बघा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, तो रानचा असो की दुकानातला.

आता मटण. ढाब्यावर किंवा ओळखीतून कुणी ससा, तितर, रानडुक्कर, घोरपड देऊ केली तर साफ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीसोबत मांस जवळ बाळगणं, विकत घेणं हाही गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड, मोर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि दंडही. ‘पिकाची नासाडी केली म्हणून परवानगीने मारलंय’ या सबबीने मांस तुमच्या ताटात येऊ शकत नाही. शिवाय तो प्राणी विष घालून मारला होता का, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. तक्रारीसाठी वनविभागाचा क्रमांक 1926. गावरान चव हवी असेल तर गावरान कोंबडी घ्या. महाग पडली तरी दंडापेक्षा स्वस्त.

खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब, गुंगी, तोंडाला सूज असं काही झालं तर 108 ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत, पैशांसाठी थांबू नका. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास 1800 116 117 वर आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेली भाजी, देठं, पानं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. अळंबी खाऊन सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा: अशा वेळी मधेच बरं वाटतं आणि आतून यकृत निकामी होत असतं. उलट्या थांबल्या म्हणून रुग्णाला घरी आणू नका.