पित्ताचे खडे आणि कॅन्सर : धोका कोणाला?

तायांनो, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखलं की आपण "गॅस झाला" म्हणतो, ओवा चावतो आणि कामाला लागतो. पण यकृताखाली तिथंच पित्ताशय असतं.

पित्ताशयाचा कॅन्सर महाराष्ट्रात कमी; उत्तर प्रदेश, बिहार, आसामकडे जास्त. तिकडून खापरखेड्यात कामाला आलेल्या शेजारणी असतील तर त्यांनाही हे सांगा. पुरुषांपेक्षा बायांना तो सुमारे दुप्पट होतो. वय 50 च्या पुढं, लठ्ठपणा, बरीच वर्षं असलेले खडे, पित्ताशयात 1 सेंटीमीटरहून मोठी गाठ, यांनी धोका वाढतो.

खडे म्हणजे कॅन्सर का? नाही. खडे असलेल्या बहुतेकींना तो कधीच होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांच्यातल्या बहुतेकींना खडे असतात.

सुरुवातीला त्रास जाणवत नाही, म्हणून उशीर होतो. वारंवार दुखणं, डोळे पिवळे होणं, अंगाला खाज, भूक मरणं, वजन घटणं दिसलं तर कावीळ उतरवायला झाडपाल्याकडं दिवस घालवू नका. आधी डॉक्टर, मग त्यांनी सांगितल्यास उपाशीपोटी सोनोग्राफी. पुढच्या उपचारासाठी नागपूरचं मेडिकल आणि तुकडोजी कॅन्सर रुग्णालय जवळच आहे.

येत्या बैठकीत एकमेकींना विचारा: कोणाचं दुखणं अंगावर काढणं चाललंय?