खानावळीची वही

चाकणला आलेला पोरगा पहिल्या महिन्यात एक हिशोब पक्का शिकतो: बेसिकवर खोलीभाडं निघतं, घर ओव्हरटाइमवर, म्हणजे ओटीवर, चालतं. जिंतूर तालुक्यातून आयटीआय फिटर करून २०१७ च्या डिसेंबरात आलो, खराबवाडीत सहा जणांत एक खोली धरली आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, ठेकेदाराच्या रोलवर, पॉवर प्रेसला लागलो. नेमणूकपत्र मागितलं तर सुपरवायझर हसला. "पत्र दाखवून लग्न जमवायचंय का भाऊ? सात तारखेला पैसे येतात ना?" येत होते. मी गप्प बसलो.

राग नव्हता असं नाही. परमनंटवाल्यांची जेवणाची रांग वेगळी, आमची वेगळी. सातव्या महिन्यात 'ब्रेक', मग पंधरा दिवसांनी त्याच मशीनवर नवीन कार्ड. म्हणजे सलग नोकरीचे २४० दिवस कधी भरायलाच नकोत. कायद्यानं ओटी दुप्पट दरानं द्यायची असते. आम्हाला सिंगल मिळायची, तीही रोख, पाकिटात. रोज रात्री खोलीवर आणि टपरीवर आम्ही ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धरायचो आणि सकाळी वेळेवर कार्ड पंच करायचो. अकरा महिन्यांत एवढं बोललो, पण एक ओळ कुठं लिहून ठेवली नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात सेकंड शिफ्टला जोडून थर्ड मारत होतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा डाय खाली यावा, म्हणजे हात आत राहत नाही. आमच्याकडं एक बटण काडी घालून कायम दाबलेलं आणि सेन्सर बायपास. हे साहेबांनी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ती काडी मीही कैकदा घातली होती. टार्गेट तसंच लावलेलं होतं. पहाटे तीनच्या सुमाराला उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

खासगी दवाखान्यात टाके पडल्यावर तासाभरात कंपनीचा माणूस एक कागद घेऊन आला. उजवा हात बांधलेला, म्हणून म्हणाला, "डाव्या हाताचा अंगठा दे, बिलासाठी पाहिजे." तेवढ्यात माझा रूमपार्टनर पोचला. त्यानं कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की रूमवर दरवाज्यात बोट सापडलं. तो आला नसता तर मी अंगठा उठवला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. गुंगी होती, भीती होती आणि बिलाची चिंता होती. अशा वेळी कुणीही काहीही पुढं करो, "उद्या वाचून देतो" एवढंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आलं. नोंदणीची तारीख अपघाताचीच, कामावर लागल्याची तारीखही तीच. अकरा महिने मी ईएसआयच्या कागदावर कुठंच नव्हतो. खरं तर कामावर लागल्यापासून दहा दिवसांत नोंद व्हायला हवी. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू; आज कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणून लागल्यावर पंधरा दिवसांत स्वतःचा नंबर मागा. कामावरच्या दुखापतीला मात्र किती महिने वर्गणी भरली ही अटच नसते, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. आणि मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून तुम्हाला हात हलवत परत पाठवता येत नाही. ईएसआय महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. मालकानं अपघाताचा अहवाल फॉर्म १२ वर द्यायचा असतो. तो टाळत असेल तर खबर तुम्ही स्वतः देऊ शकता, तोंडीसुद्धा. सुट्टीच्या काळात ९० टक्के दरानं पैसे मिळतात आणि तेवढे दिवस कामावरून काढता येत नाही. हे सगळं मला मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात रांगेत बसलेल्या, माझ्याहून दोन बोटं जास्त गेलेल्या एका माणसानं सांगितलं.

आता ते रोख पाकीट. तर्जनीचं एक पेर गेलं तर कमाईची ताकद ९ टक्के गेली, असं कायद्याच्या तक्त्यात धरलंय. त्यावर आयुष्यभर पेन्शन मिळते, पण ती नोंदवलेल्या पगारावर. माझ्या स्लिपवर रोजाचे ३६० होते. त्याचे ९० टक्के, त्याचे ९ टक्के, म्हणजे महिन्याला जेमतेम पावणेनऊशे. महिन्याची चार हजारांची ओटी स्लिपवर असती तर पेन्शन बाराशेच्या वर गेली असती, कारण तेव्हा ओटीही ईएसआयच्या पगारात धरायचे. रोख घेताना वाटायचं, कापाकापी वाचली. आता दर महिन्याला पावणेचारशे कमी येतात, आणि मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो.

ओटीच्या थकबाकीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो तेव्हा ठेकेदार म्हणाला, हा तर अपघाताच्याच दिवशी लागला. माझ्याकडं बँकेच्या नोंदी होत्या, पण डबल शिफ्टचा पुरावा काय? खानावळीच्या मावशी मदतीला आल्या. त्या रोजचा खाडा वहीत मांडायच्या. मी डबल मारून कंपनीतच जेवलो की माझ्या नावापुढं 'खाडा – कंपनी'. अकरा महिन्यांचे असे एकशे सात खाडे निघाले. वहीवर मावशींच्या हिशोबाशेजारी तेलाचे डाग होते. अधिकाऱ्यांनी ती पुरावा म्हणून किती धरली असती कुणास ठाऊक, पण ठेकेदाराचा आवाज खाली आला. बावीस हजारांवर मिटलं. दुप्पट दरानं हिशोब केला तर त्याहून बरंच जास्त निघत होतं. मी थकलो होतो, घेतले.

म्हणून खोलीवर येणाऱ्या नव्या पोरांना मी डायरी घ्यायला लावतो. तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, सुपरवायझरचं नाव, आत गेलो किती वाजता, सुटलो किती वाजता. दिवसाला एक ओळ. मशीनचा सेन्सर बंद असेल तर तेही. पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दर महिन्याला बघा. माझ्या अकरा महिन्यांपैकी चारच भरलेले निघाले. ठेकेदार हात वर करतो तेव्हा मूळ कंपनीच्या नावानंही अर्ज द्या, तिची जबाबदारी सुटत नाही. आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. मागितल्यावर कुणी लग्नाचा विनोद केला तर हसा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा.

पेन्शनच्या कागदांना जाताना सोबत कुणाला तरी न्या. मी एकटा गेलो. डाव्या हातानं केलेली सही बँकेतल्या सहीशी जुळेना, पंधरा दिवस त्यातच गेले. शेवटी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अंगठा चालेल." या वेळी कागद दोनदा वाचला, मग उठवला.