आधी पेन्सिल, मग स्क्रीन

अगं, सगळे हवामान नकाशे मोबाइलवर मिळत असताना प्रॅक्टिकलला कागदावर समदाब रेषा कशाला काढायला लावतात, असं विचारलंस ना? प्रश्न रास्त आहे. म्हणून मनापासून सांगते.

ऑनलाइन नकाशांनी खूप दिलंय, ते आधी मान्य करू. छापील नकाशा टपालाने हातात पडेपर्यंत त्यातलं हवामान शिळं झालेलं असायचं. आता इन्सॅटची चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासाला येतात, ढग सरकताना दिसतात. पुण्यात हवामान खात्याच्या सिमला ऑफिसजवळ राहणारी मुलगी आणि लातूरची मुलगी एकाच वेळी तोच नकाशा उघडतात. ही काही लहान गोष्ट नाही.

पण तो देखणा रंगीत नकाशा बहुतेकदा संगणकाच्या मॉडेलचा असतो, आणि जिथे एकही निरीक्षण केंद्र नाही तिथेही तो तितक्याच ठामपणे रंग भरतो. जुलै २००५ ची मुंबई घे. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. या दोन आकड्यांमधून समपर्जन्य रेषा काढायला बस बरं. कुठे दाटी करशील? विहार तलावाकडे रेषा किती वळवशील? नकाशा काढणाऱ्याला किती निर्णय घ्यावे लागतात, ते तेव्हा कळतं. संगणकही ते घेतो, पण तुला दाखवत नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीत आकृती आधीच ठरलेली असते. समदाब रेषांच्या चार्टवर ती केंद्रांच्या ठिपक्यांकडूनच काढून घ्यायची असते. केंद्राशेजारी ०४५ लिहिलंय म्हणजे दाब १००४.५ हेक्टापास्कल. वाऱ्याकडे पाठ केली तर आपल्या गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला. रेषा आणि वारा जुळत नसतील, तर निरीक्षण चुकलंय किंवा तिथे खरंच काहीतरी घडतंय. कोकण किनाऱ्यालगतची कमी दाबाची पावसाळी द्रोणी अशीच असते. आपल्याकडे रेषा २ हेक्टापास्कलच्या फरकाने काढतात आणि ही द्रोणी कधीकधी त्याहूनही क्षीण असते. रेषेचा किंचित बाक आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांचे वारे मिळून ती ओळखायची. हात चालवल्याशिवाय ती नजर येत नाही गं.

म्हणून माझं ऐक, क्रम सांभाळ. तयार रेषा एकदा पाहिल्या की हात फक्त नक्कल करतो. मॅडमकडून नुसती निरीक्षणं भरलेला, रेषा नसलेला चार्ट छापून घे, सकाळी साडेआठचा. मऊ पेन्सिल घे, खोडरबर जवळ ठेव आणि स्वतः काढ. मगच स्क्रीन उघड. जिथे तुझी रेषा आणि मॉडेलची रेषा वेगळी पडते तिथे गोल कर आणि उपग्रहाचं चित्र लावून कारण शोध. पेन्सिल आणि स्क्रीन, दोन्हींची खरी किंमत त्या गोलात आहे.

उद्या नोकरीत दोन मॉडेलं वादळाच्या दोन वेगळ्या वाटा दाखवतील आणि मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणायचं की नाही, ते तुला सांगावं लागेल. तेव्हा ‘स्क्रीनवर असं दिसलं’ एवढं पुरणार नाही. पहिला चार्ट झाला की फोटो पाठव, दोघी मिळून बघू.