स्लॅबचा दर सांगण्याआधी हे गणित करा

धाराशिव, लोहारा, उमरगा भागातले गवंडीकाम करणारे बरेच जण विचारतात, "सर, कामात हात बसलाय, आता स्वतः ठेका घ्यायचाय. पण गणित कच्चं आहे. जमेल का?"

अहो, आखणी करताना एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करून तिरकं ५ फूट भरतंय का बघता ना? शाळेतला पायथागोरस तो हाच. २० बाय ३० च्या घराचा कर्ण ३६ फूट आणि पाऊण इंचाला किंचित कमी आला पाहिजे, दोन्हीकडून सारखा. म्हणजे भूमिती तुम्हाला येते.

अडतं ते पैशात, आणि बऱ्याचदा एकाच शब्दावर: ब्रास. वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, स्लॅबचा किंवा प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फुटांचा. शब्द एक, मापं दोन.

समजा ६०० चौरस फुटांचा, म्हणजे ६ ब्रासचा स्लॅब आहे, जाडी ५ इंच. ६०० ला ५ ने गुणा, १२ ने भागा. २५० घनफूट ओलं काँक्रीट. कोरडा माल जास्त लागतो, कारण खडीच्या फटींत वाळू-सिमेंट बसतं. म्हणून १.५४ ने गुणा: ३८५. प्रमाण १:१.५:३, एकूण साडेपाच भाग. ३८५ भागिले ५.५, सिमेंट ७० घनफूट. ५० किलोचं पोतं साधारण सव्वा घनफुटाचं, म्हणजे ५६-५७ पोती. वाळू १०५, खडी २१० घनफूट. बीम आणि वाया जाणारा माल वेगळा धरा.

आता सेंटरिंगची लेव्हल चुकली आणि जाडी सरासरी साडेपाच इंच झाली तर? फक्त अर्धा इंच. पण माल १० टक्क्यांनी वाढला. साडेपाच पोती जास्त, पोतं ४०० रुपये धरलं तर नुसत्या सिमेंटचे २,२०० रुपये. मालक पैसे देणार चौरस फुटाने. मटेरियलसकट ठेका असेल तर ही रक्कम तुमच्या खिशातून गेली.

मग कुणी म्हणतं, चार इंचांत उरकू. आपल्या भागात तरी असं बोलू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवद. गळतं म्हणून वर मातीचे थर चढत गेले, वजन कुणी मोजलं नाही. १० बाय १० च्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, साधारण साडेचार टन. खाली माणसं झोपलेली. तेव्हा जाडी आणि सळई इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणेच. कमी नाही, जास्त नाही.

सळईचं निघालंच आहे तर एवढं लिहून ठेवा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरते. गाडी आली की आधी एक सळई काट्यावर ठेवा, मगच चलनावर सही करा.