गाडी गॅरेजात, मग टॅक्सीचं भाडं कोणाच्या खिशातून?

पुण्याहून किंवा नागपूरहून बदली होऊन ग्वाल्हेरला येणारं कुटुंब दोन गोष्टी हमखास बरोबर आणतं: लोणच्याच्या बरण्या आणि एमएच पासिंगची गाडी. बरण्या नीट पोचल्या की विषय संपतो. गाडीचा मात्र तिथून सुरू होतो. लष्कर, शिंदे की छावणी, जीवाजीगंज या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं नव्यांना एकच विचारतात: विम्याची पॉलिसी शेवटची कधी वाचलीत?

प्रश्न उगाच नसतो. डिसेंबर-जानेवारीत आग्र्याच्या हायवेवर धुकं इतकं दाटतं की पुढच्या ट्रकचा दिवाही दिसत नाही. अशात गाडी ठोकली गेली, की सर्व्हेअरची पाहणी, मंजुरी आणि पार्ट येण्याची वाट, यांत आठ-दहा दिवस सहज जातात. तेवढे दिवस ऑफिस आणि मुलांची शाळा टॅक्सीवर. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे म्हणजे हे भाडंही विमा कंपनी देईल, असं अनेकजण धरून चालतात.

ती देत नाही. नेहमीच्या पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च मिळतो. गाडी नसल्यामुळे होणारा खर्च त्यात मोडत नाही. अपघाताच्या जागेवरून गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेण्यासाठीही खासगी गाडीला साधारण १,५०० रुपयांचीच मर्यादा असते. ‘झिरो डेप’ घेतलं तरी पार्टच्या घसाऱ्याची कपात तेवढी टळते, टॅक्सीचं बिल नाही.

त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. कुठे त्याला डेली अलाउन्स म्हणतात, कुठे लॉस ऑफ यूज. कंपनी दररोज ठरावीक रक्कम देते, पण सुरुवातीचे काही दिवस सोडून आणि ठरलेल्या कमाल दिवसांपर्यंतच. समजा, रोजचे १,००० रुपये, पहिले तीन दिवस वगळून, कमाल दहा दिवस, अशी अट आहे. गाडी नऊ दिवस गॅरेजात राहिली, तर हातात पडतात ६,००० रुपये. टॅक्सी रोज दीड हजाराची असेल तर नऊ दिवसांचं बिल १३,५०० होतं. उरलेले साडेसात हजार घरचे. शिवाय मूळ दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला तरच हा भत्ता मिळतो. नुसत्या सर्व्हिसिंगला गाडी लावली तर काही नाही. रोडसाइड असिस्टन्समध्ये कधी टॅक्सीची सोय असते, पण ती वाटेत अडकलेल्यांना घरी किंवा जवळच्या गावी पोचवण्यापुरती.

हे ॲड-ऑन पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच मागायचं. नवी गाडी घेणाऱ्यांसाठी ग्वाल्हेरात ही वेळ बहुधा मेळ्याची असते. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या व्यापार मेळ्यात अलीकडच्या काही वर्षांत गाडीच्या रोड टॅक्सवर ५० टक्के सवलत मिळाली आहे, त्यामुळे स्टॉलवर झुंबड असते आणि डीलर विम्याचा कागद बिलाबरोबरच पुढे सरकवतो. विमा त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती नसते. गर्दीत सही करण्याआधी ॲड-ऑनची यादी बघावी, हा इथल्या जुन्यांचा आग्रह.

जुनी एमएच गाडीच ठेवणार असाल, तर बारा महिन्यांची मर्यादा लक्षात ठेवा. त्याहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर नवा नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओची एनओसी आणायची, इथला टॅक्स भरायचा आणि एमपी ०७ पासिंग करून घ्यायचं. बीएच सिरीजच्या गाड्यांना हा खटाटोप नाही. नंबर आणि पत्ता बदलला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. क्लेमच्या वेळी कागदांवर दोन वेगळे नंबर निघाले तर काम अडतं.

आता भाड्याची गाडी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन वापरणं स्वस्त वाटतं, पण खासगी पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर गाडीमालकाचा क्लेम फेटाळला जाऊ शकतो. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. तुमचा विमा तुमच्याच गाडीपुरता आहे, तो भाड्याच्या गाडीवर चालत नाही. म्हणून ठोकर बसली तर तुम्हाला किती भरावं लागेल आणि डिपॉझिटमधून काय कापतील, ते आधी लेखी घ्यावं. दिल्लीला जायचं तर चंबळ ओलांडताच धौलपूरला राजस्थान, पुढे उत्तर प्रदेश आणि हरियाणा लागतो. परमिट या सगळ्या राज्यांत चालतं का, तेही विचारावं.

भत्त्याचा क्लेम करताना गाडी गॅरेजात जमा केल्याची आणि परत मिळाल्याची तारीख लागते. दोन्ही जॉब कार्डवर लिहून घ्या, टॅक्सीच्या पावत्याही जपा. कंपनीने नकार दिला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत अर्ज पोचायला हवा.