स्थानवार्तेचें द्वार : दोष कसा शोधावा ?

हौशी रेडिओचा परवाना असलेला मनुष्य चालत्या गाडींतून वा डोंगरवाटेवरून आपलें स्थान रेडिओलहरींनीं कळवूं शकतो. या पद्धतीस एपीआरएस म्हणतात. अमेरिकेंतील बॉब ब्रुनिंगा हे तिचे जनक होत. उपग्रहांच्या साह्यानें मिळालेले अक्षांश-रेखांश एका लहानशा संदेशांत बांधून प्रक्षेपित केले जातात. तो संदेश ऐकून इंटरनेटवर चढविणाऱ्या ठाण्यास गेटवे, म्हणजे द्वार, म्हणतात. मग दूरच्या माणसासहि नकाशावर ठिपका दिसतो.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, व मुंबई परिसरांत दूरध्वनि ठिकठिकाणीं बंद पडले. अशा वेळीं कोण कोठें आहे हें कळणें किती मोलाचें ! परंतु ठिपका दिसला नाहीं म्हणजे मनुष्य संकटांत आहे असें नव्हे. द्वारच बंद असूं शकेल. म्हणून दोष शोधण्याची रीत ठाऊक असावी.

प्रथम पाहावें कीं, द्वाराचा स्वतःचा ठिपका नकाशावर ताजा आहे काय ? तो बहुधा रेडिओवांचून थेट इंटरनेटनें जातो. तो नसेल, तर दोष इंटरनेटच्या बाजूस. तेथें जोडणी तपासावी, मग परवान्यावरील संकेतनांव व त्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक जुळतात कीं नाहीं तें पाहावें. क्रमांक चुकला तरी जोडणी होते व इतरांचे संदेश येतात. मात्र आपले संदेश पुढें जात नाहींत. म्हणून हा दोष लवकर ध्यानांत येत नाहीं.

स्वतःचा ठिपका दिसतो, पण इतरांचे संदेश पुढें जात नाहींत, तर रेडिओची बाजू पाहावी. कान लावून ऐकावें. संदेशाचा खरखरता ध्वनि ऐकूं येतो, पण उलगडत नाहीं, तर संगणकाकडे जाणारा आवाज फार मोठा वा फार लहान असेल. ध्वनिच येत नसेल, तर एरियल, तार व तिचे सांधे पाहावे. पावसाळ्यांत सांध्यांत पाणी शिरतें. आपल्या कळव्यास एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस पारसिकचा डोंगर आहे. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. तेव्हां डोंगराआडची गाडी ऐकूं न आल्यास यंत्रास दोष देऊं नये, एरियल उंच करावें.

कधीं ठिपका भलत्याच जागीं दिसतो. येथें गणित उपयोगी पडतें. कळव्याचा अक्षांश सुमारें १९.२० अंश, म्हणजे १९ अंश १२ मिनिटें. संदेशांत अंश व मिनिटें लिहावयाचीं असतात. कोणी १९ अंश २० मिनिटें लिहिलीं, तर ८ मिनिटांची चूक होते. अक्षांशाचें एक मिनिट सुमारें १.८५ किलोमीटर, म्हणून ठिपका जवळजवळ १५ किलोमीटर उत्तरेस सरकतो!

शिवाय, एकच संदेश दोन द्वारांनीं ऐकला, तर पहिल्याचा घेतला जातो व दुसऱ्याचा वगळला जातो. तेथें दोष मुळींच नसतो.

सारांश, साखळीचे दोन भाग करावे, कोणता भाग निर्दोष आहे तें आधीं ठरवावें, एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि तो वहींत टिपून ठेवावा. शास्त्राच्या प्रयोगशाळेंतहि हाच नियम आहे.