टपाल कचेरीतला कारकून आणि ‘ऑल गोल्ड्स’

मंडळी, शनिवारी सकाळी टाकानिनीच्या ब्रूस पुलमन पार्कवरून गेलात तर लंबगोल चेंडूमागे धावणारी पोरं दिसतील. आपण त्याला सरसकट ‘रग्बी’ म्हणतो. पण इथे रग्बी दोन आहेत, युनियन आणि लीग, आणि या फाटाफुटीचं कारण खेळ नसून पैसा आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या उत्तरेत. तिथले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. मॅचसाठी पाळी बुडवली की मजुरी गेली. ती भरून द्या एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या साहेबलोकांचं म्हणणं, पैसा घेतला की खेळ बाटतो. (गिरणगाव माहीत असलेल्यांना यातलं राजकारण वेगळं सांगायला नको!) शेवटी 1895 साली उत्तरेकडच्या क्लबांनी ‘नॉर्दर्न युनियन’ काढली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

इकडे 1905 साली ऑल ब्लॅक्सनी इंग्लंड गाजवलं. न्यूझीलंडच्या युनियनला भरघोस नफा झाला, खेळाडूंच्या हाती मात्र दिवसाला तीन शिलिंग भत्ता.

हा हिशोब अल्बर्ट बास्करव्हिल या तरुणाच्या बरोबर लक्षात आला. जन्म 1883, वेलिंग्टनच्या टपाल कचेरीत कारकून, स्वतः खेळाडू, आणि 1907 मध्ये रग्बीच्या तंत्रावर चक्क पुस्तक लिहिलेला. त्याने थेट नॉर्दर्न युनियनला पत्र टाकलं : आम्ही संघ घेऊन येतो, गेटचा वाटा द्या. होकार आला. प्रत्येक खेळाडूने पन्नास पौंड घालायचे, नफा वाटून घ्यायचा. आजच्या भाषेत स्टार्टअपच की! न्यूझीलंड युनियनने त्याला जन्मभरासाठी बंदी घातली, त्याने नोकरी सोडली, पण 1905 च्या संघातले चौघेजण त्याच्याबरोबर निघाले. सिडनीच्या पेपरवाल्यांनी त्यांना कुचेष्टेने ‘ऑल गोल्ड्स’ म्हटलं. तिथला नावाजलेला खेळाडू डॅली मेसेंजरही सामील झाला.

मला सगळ्यात कौतुक वाटतं ते पुढच्या भागाचं. हा संघ नॉर्दर्न युनियनच्या नियमांनी कधी खेळलेलाच नव्हता. पंधराऐवजी तेरा खेळाडू, वेगळे डावपेच, सगळं लीड्सला पोचल्यावर आठवडाभरात शिकले. 1908 च्या जानेवारीत पहिली कसोटी 14-6 अशी हरले, मग 18-6 आणि 8-5 अशा दोन जिंकून मालिका खिशात टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीनशे पौंड आले असं म्हणतात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

बास्करव्हिलचा बहुतेक वेळ मॅनेजरकीतच गेला. स्वतः तो एकच कसोटी खेळला, परतीच्या वाटेवर, 9 मे 1908 ला सिडनीत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ट्राय केला, न्यूझीलंड 11-10 ने जिंकलं. तिथून संघ ब्रिस्बेनला गेला आणि 20 मे रोजी न्यूमोनियाने तो गेला. वय अवघं पंचवीस.

1996 पासून न्यूझीलंड-ब्रिटन मालिकेच्या ढालीला त्याचं नाव आहे. रग्बी युनियनने पैसे घ्यायला उघड परवानगी दिली ती 1995 मध्ये, म्हणजे त्या फाटाफुटीला शंभर वर्षं झाल्यावर.

संघ मायदेशी परतला तो त्याच्याशिवाय. 13 जून 1908 रोजी वेलिंग्टनच्या ॲथलेटिक पार्कवर दौऱ्यातले खेळाडूच आपापसात दोन संघ करून उतरले. न्यूझीलंडच्या भूमीवरची रग्बी लीगची ही पहिली मॅच, आणि ती होती मदतनिधीची. जमलेला पैसा त्याच्या आईला देण्यात आला.